शेजारधर्म आणि नित्यस्मरण

परमार्गातील वासनिकाचा दिवस नामस्मरणाने उजाडतो आणि नामस्मरणानेच मावळतो. पहाटे श्रीकृष्ण, श्रीदत्तात्रेय, श्रीचक्रपाणी, श्रीगोविंदप्रभू व श्रीचक्रधर या पंचावतारांचे स्मरण, स्नानोत्तर देवपूजा, उपहार दाखवून प्रसादाचे सेवन, सायंकाळी आरती आणि निजण्यापूर्वी घडल्या दोषांबद्दल क्षमायाचना, असा हा क्रम होय. परंतु या दोन स्मरणांमधील जो काळ झाडलोट, पाणी भरणे, स्वयंपाक, शेत व बाजार यांत जातो, त्यात साधकाची गाठ वारंवार पडते ती शेजाऱ्याशी. त्या शेजाऱ्याला आपल्या स्मरणात स्थान आहे काय, आणि असल्यास कोणते, याचा विचार येथे कर्तव्य आहे.

याविषयी दोन शंका संभवतात. पहिली अशी की, सर्वज्ञ श्रीचक्रधरस्वामींनी अनुसरणाऱ्यास स्वदेश, स्वग्राम व आप्तसंबंध यांचा त्याग सांगितला आहे. ज्या वाटेच्या शेवटी गाव सोडावयाचे, त्या वाटेवर शेजाऱ्याची चिंता वाहणे म्हणजे सुटू पाहणाऱ्या दोरीला नवी गाठ मारणे नव्हे काय? दुसरी शंका अशी की, परमेश्वर हा मोक्षदाता आहे आणि ऐहिक सुखदुःख हे जीवाच्या कर्माचे फळ आहे. मग शेजारच्या घरी कोणी ज्वराने तळमळत असता त्यासाठी परमेश्वराला विनविणे हे निष्काम भक्तीत बसते काय?

पहिल्या शंकेचे समाधान त्यागाच्या स्वरूपात सापडते. त्याग सांगितला आहे तो ममत्वाचा, दयेचा नव्हे. आप्तांचा संबंध साधकाला बांधतो, कारण त्यात 'माझे' हा भाव असतो. संकटात पडलेल्या जीवाला आधार देताना तो भाव असण्याचे कारण नाही. लीळाचरित्रातील सशाच्या रक्षणाची लीळा या दृष्टीने चिंतनीय आहे. पारध्यांच्या भयाने पळत आलेला ससा सर्वज्ञांच्या जानूखाली शिरला. पारध्यांनी तो मागितला असता, शरण आलेल्यास परत देता येत नाही, हे स्वामींनी त्यांना पटवून दिले. तो ससा कोणाचा आप्त नव्हता की ग्रामस्थ नव्हता. जवळ आला आणि भ्याला होता, एवढेच त्याचे नाते. शेजारीही पुष्कळदा एवढ्याच नात्याने जवळ आलेला असतो. शिवाय ज्याने गाव सोडले, त्या संन्याशालाही भिक्षेच्या निमित्ताने सर्वांच्या दारी उभे राहावेच लागते. त्याने एक शेजार सोडला हे खरे, पण त्याच्या वाट्याला सारे गावच शेजार म्हणून आले.

दुसऱ्या शंकेचे समाधान तत्त्वविचारात आहे. जीव, देवता, प्रपंच व परमेश्वर या चार पदार्थांपैकी देवता नित्यबद्ध, परमेश्वर नित्यमुक्त आणि जीव हा बद्धमुक्त होय. आज तो अविद्येने बद्ध आहे, परंतु मुक्तीची योग्यता त्याच्या ठिकाणी आहे. ही व्याख्या पाठ म्हणताना साधक ती बहुधा स्वतःलाच लावतो. भिंतीपलीकडे खोकणारा म्हातारा किंवा नळावर भांडणारी बाई याच व्याख्येत बसते, याचे भान राहत नाही. हे भान ठेवून परमेश्वराजवळ शेजाऱ्याचे नाव घेणे हीच त्याच्यासाठी केलेली उत्तम प्रार्थना. तीत नवसाचा व्यवहार नसतो. या जीवाला दुःखात धीर यावा, देवाची आठवण व्हावी, ज्ञानाचा योग घडावा आणि त्याच्या उपयोगी पडण्याची बुद्धी आपणास व्हावी, एवढेच तीत मागावयाचे असते.

यातील शेवटची मागणी विशेष महत्त्वाची आहे. ज्वराने तळमळणाऱ्याचे नाव देवपूजेत घ्यावे आणि त्याला वैद्याकडे नेण्याची वेळ आली की दार लावून पारायणास बसावे, ही प्रार्थना नव्हे, पळवाट होय. ऋद्धिपूर येथे श्रीगोविंदप्रभू नित्य घरोघरी संचार करीत. गावातील दीनदुबळे त्यांना मायबाप मानीत. पाण्यावाचून कष्टलेल्या मातंगांनी विनविले असता श्रीप्रभूंनी विहिरीसाठी जागा दाखविली, असे त्यांच्या चरित्रात येते. तहानलेल्याला प्रथम पाणी हवे असते, उपदेश नव्हे. ही लीळा श्रद्धेने ऐकणाऱ्याने आपल्या वस्तीत पाण्यासाठी कोणाला खोळंबावे लागते, हे एकदा पाहून यावे.

खरी कसोटी मात्र आजारी शेजाऱ्याजवळ लागत नाही, ती अबोला धरलेल्या शेजाऱ्याजवळ लागते. सांडपाण्यावरून किंवा बांधावरून दोन घरांत वितुष्ट येते आणि वर्षानुवर्षे टिकते. अहिंसा ही काया, वाचा व मन या तिहींनी पाळावयाची असता, एकाच भिंतीच्या आड रोज मनाने हिंसा चालू राहते. अशा वेळी 'त्याला सुबुद्धी दे' अशी प्रार्थना मनात प्रथम येते. ती वरवर निर्दोष दिसते, परंतु दोष सर्वस्वी त्याचाच हा निवाडा तिच्यात आधीच झालेला असतो. साधकाने तेथे थांबून आपला विकार व विकल्प आधी देवापुढे ठेवावा. त्यानंतर सकाळी दार उघडताना तो समोर आला तर 'दंडवत' म्हणावे. उत्तर येवो अथवा न येवो, ते शब्द वाया जात नाहीत. निदान एका बाजूची भिंत त्या दिवशी थोडी खाली येते.

ज्ञानाच्या बाबतीतही हाच न्याय आहे. केसोबास संस्कृतात रचना करू लागले असता श्रीनागदेवाचार्यांनी त्यांना थांबविले. त्यामुळे संस्कृत न जाणणाऱ्या म्हाताऱ्या स्त्रिया ज्ञानास मुकतील, ही त्यांची चिंता होती, असे स्मृतिस्थळावरून दिसते. आचार्यांच्या मनात पंडितसभा नव्हती, जवळ बसणारी माणसे होती. शेजारधर्माचा हा फार मोठा आदर्श होय. जवळच्याला काय कळते, काय पेलते, काय उणे पडते, हे पाहून आपला हात व आपली वाणी वळविणे, हे त्याचे सार आहे.

यासाठी निराळा वेळ काढावा लागत नाही. अंगण झाडताना पलीकडचे दार उघडले की नाही, हे पाहता येते. पाणी भरताना एकट्या वृद्धेचा एक हंडा भरून ठेवता येतो. प्रसादाचा वाटा काढताना ज्या घरी आज चूल पेटली नाही, त्या घराची आठवण ठेवता येते. रात्री क्षमायाचना करताना, आज कोणाच्या दारावरून आपण न पाहता पुढे गेलो, हा एक प्रश्न स्वतःला विचारता येतो. त्या प्रश्नाचे उत्तर ज्याच्या नावाने येईल, त्याचेच नाव दुसऱ्या दिवशीच्या पहाटेच्या स्मरणात प्रथम घ्यावे आणि दिवस उजाडताच त्याच्या दारी जावे.