सोनामुखीची पाने

मुलांनो, दादीच्या किंवा नानीच्या डब्यात 'सना'ची वाळलेली, हिरवट पिवळी पाने तुम्ही पाहिली असतील. हकीमसाहेब त्यांना सना मक्की म्हणतात, तर वैद्य सोनामुखी. तमिळनाडूतील तिरुनेलवेली भागात सोनामुखीची शेती होते. पोट साफ होत नसेल तर रात्री तिचा काढा घेतात. सकाळी पोट साफ होते. मध्ये सहा ते बारा तास जातात. एवढा वेळ का बरे लागतो?

आधी आतड्याकडे पाहू. आतड्याच्या भिंतीत स्नायूंचे दोन थर असतात. आतल्या थराचे तंतू अंगठीसारखे गोल, तर बाहेरच्या थराचे उभे. अन्नाच्या मागचा भाग आकुंचन पावतो, पुढचा सैल पडतो आणि अन्न पुढे सरकते. पायजम्याच्या नेफ्यात नाडी ओवताना तुम्ही कापड गोळा करता आणि सोडता, तसेच काहीसे. बेलिस व स्टार्लिंग या इंग्रज शास्त्रज्ञांनी 1899 साली हे दाखवून दिले.

पुढे 1904 साली रुडॉल्फ मॅग्नस या जर्मन शास्त्रज्ञाने मांजराच्या आतड्याचा तुकडा कोमट, खारट द्रावणात टांगला आणि त्याला प्राणवायू पुरवला. शरीराबाहेर काढलेला तो तुकडा आकसत आणि सैल पडत राहिला! आतड्याच्या भिंतीतच मज्जातंतूंचे जाळे असते. दर वेळी मेंदूच्या हुकमाची गरज नसते. आजही एखाद्या वनस्पतीचा अर्क तपासताना असाच तुकडा टांगतात, द्रावणात अर्क घालतात आणि आकुंचन वाढले की कमी झाले, याची रेघ उमटलेली पाहतात.

आता सोनामुखी. तिच्यातील सेनोसाइड नावाची द्रव्ये लहान आतड्यात जवळजवळ शोषली जात नाहीत. ती मोठ्या आतड्यात पोहोचतात. तेथील जिवाणू त्यांचे रूप बदलतात आणि मगच ती काम करू लागतात. म्हणजे खरे औषध आपल्या पोटातच तयार होते! त्याने आतड्याचे आकुंचन वाढते आणि मळातील पाणीही कमी शोषले जाते.

पण सांभाळा. पोटात जोराची कळ, ताप, उलटी असेल तेव्हा सोनामुखी मुळीच घेऊ नये. आंत्रपुच्छाला सूज आलेली असेल तर रेचकाने ते फुटण्याचा धोका वाढतो. अशा वेळी ताबडतोब डॉक्टरांकडे जावे. रोज रोज घेतली तरी शरीरातील पाणी व क्षार कमी होतात.

इसबगोलाची तऱ्हा निराळी. त्याचा भुसा पाणी पिऊन फुगतो, मळ मऊ होतो, आतड्याची भिंत ताणली जाते आणि ताणामुळेच स्नायू आकसतात. म्हणून तो पेलाभर पाण्याबरोबरच घ्यावा, नाहीतर घशातच अडकायचा. त्याच्या नावातला 'अस्प' तुम्ही ओळखलाच असेल. फारसीत अस्प म्हणजे घोडा. ते बी एकदा हातावर घेऊन पाहा, घोड्याच्या इवल्याशा कानासारखे दिसते.