शेकोटीजवळ बसलेला सैनिक

तुमच्या घरी एखादं पोट्टं असं असेल, की सगळी गल्ली ज्या गेमला नावं ठेवते तोच उराशी धरून बसलंय, तर आजचं बोलणं तुमच्याशी आहे. बाकीच्यांनी ऐकलं तरी चालेल, चहा सगळ्यांनाच टाकलाय.

२०२१ चा जानेवारी. आपल्या बोरगावात त्या दिवसांत सूर्य कलला की हात स्वेटरच्या बाहीत जातात. आमच्या ह्यांची कारखान्यात दुसरी पाळी, घरी यायला रात्रीचे साडेअकरा. थोरली बारावीच्या अभ्यासात. धाकटा सातवीत, आणि सातवी म्हणजे काय, तर व्हॉट्सॲपवर येणारे व्हिडिओ. शाळा मागच्या मार्चपासून बंद. अभ्यासाच्या नावानं फोन त्याच्या हातात आम्हीच दिला होता. हे आधी कबूल करून टाकते. नाहीतर ‘मोबाइलनं पोरं बिघडवली’ असं आपण म्हणतो तेव्हा मोबाइल जणू आपल्या पायांनी चालत घरात आला असं वाटतं.

त्याच महिन्याच्या २६ तारखेला ‘फौजी’ नावाचा गेम आला. त्याच्या मागची गोष्ट थोडी सांगायला हवी. २ सप्टेंबर २०२० ला सरकारनं पब्जीवर बंदी घातली आणि दोनच दिवसांनी अक्षय कुमारनं ह्या गेमची घोषणा केली. बंगळुरूची एनकोअर गेम्स नावाची कंपनी, कमाईतले २० टक्के ‘भारत के वीर’ ह्या निधीला देणार. गलवानच्या खोऱ्यात त्याच वर्षी जूनमध्ये आपले २० जवान शहीद झाले होते, गेम त्याच खोऱ्यातला. मग काय, पोरांनी मनाशी धरलं की पब्जी गेलं तर जाऊ दे, आता आपलं देशी पब्जी येतंय. चार महिने वाट पाहिली. आणि निघालं भलतंच. शंभर जण एका बेटावर उतरून एकमेकांना गोळ्या घालतात तसलं त्यात काही नव्हतं. तुकडीपासून सुटलेला एकटा सैनिक बर्फातून चालत जातो, वाटेत जे आडवे येतील त्यांच्याशी हातानं नाहीतर दांडक्यानं लढतो. बंदूकच नाही! पोट्टे भडकले. एकेक स्टार देऊन देऊन त्यांनी रेटिंग पार खाली आणलं.

आमच्या लेकाला नेमका तोच आवडला.

समोरच्या ओट्यावर चार-पाच जण फोन घेऊन बसायचे, सगळ्यांचा एकच बंदुकीवाला गेम. ‘पीछे से आ रहा है’, ‘कव्हर दे बे’, असं त्यांचं हिंदीत चाललेलं. हा थोडा सरकून, भिंतीला टेकून, आपला बर्फात. एक दिवस त्यांच्यातला एक ह्याच्या फोनात डोकावला आणि ओरडला, “अबे, ये अब्बी बी वोइच खेल रा!” सगळे हसले. मी दारात गहू निवडत होते. माझ्या पोटात कालवलं.

आता माझी चूक सांगते. तुम्हाला वाटेल मी म्हटलं असेल, ठेव तो फोन आणि पुस्तक घे. तसं म्हटलं असतं तरी परवडलं असतं. मी म्हटलं, “साऱ्यायले जे आवडते ते तुले काऊन नाही आवडत? त्यायच्यासारखं खेळत जा नं.” गेम सोडवायचा राहिला बाजूला, मी त्याला दुसऱ्या गेमला लावत होते. शेजारच्या पोराला विनवणी करून ह्याच्या फोनात तो बंदुकीवाला गेम मीच टाकून घेतला. का, तर पोरगं एकटं पडू नये. आईच्या मनात ती एक भीती बसलेलीच असते, वर्गात एकटं, ओट्यावर एकटं, उद्या लग्नाच्या मांडवातही एकटंच उभं राहील की काय!

तो दोन आठवडे खेळला. आवाज चढला. गेममधल्या माणसाला नवा पोशाख हवा म्हणून ऐंशी रुपये मागितले, मी दिले. मग एका रात्री जेवताना गप्पच. खोदून विचारलं तेव्हा कळलं, ‘तेरे कारन हारे’ म्हणून चौघांनी त्याला चांगलाच धुतला होता. त्यानं ताट सरकवलं, फोन उचलला, तो गेम काढून टाकला आणि झोपायला गेला. ऐंशी रुपयांचा पोशाख त्या गेमसोबतच गेला.

दुसऱ्या दिवशी मी पहिल्यांदा त्याच्या शेजारी बसले. म्हटलं, “दाखव तुझा तो फौजी.”

फोनात बर्फ, करडं आभाळ, मोठमोठे दगड. सैनिक चालतो, तीन जण अंगावर येतात, हाणामारी होते. खरं सांगते, मलाही ती हाणामारी पचपचीत वाटली. त्याच त्याच ठोशांनी माणूस पडतो, पुन्हा दुसरा येतो. ओट्यावरची पोरं काही खोटं बोलत नव्हती. मग सैनिकाला लागलं, आणि लेकानं त्याला एका शेकोटीजवळ नेऊन बसवलं. तिथं बसलं की जखमा भरतात, ताकद परत येते, असा त्या गेमचा नियम. ताकद भरली. तरी सैनिक बसूनच.

मी म्हटलं, “खेळ नं आता.”

“खेळूनच तर राह्यलो.”

“हा तर बसला हाय नुसता.”

“हो. थंडी हाय नं तिथं.”

मी आणखी काही बोलले नाही. आमच्या अंगणातही त्या दिवसांत पऱ्हाट्यांची शेकोटी पेटायची, आणि वडील पाळीवरून येईपर्यंत हा तिच्यापाशी रेंगाळायचा. गेममधली लढाई त्याच्या लेखी वाटेतला अडथळा होती. त्याला हवी होती ती शेकोटी, तो बर्फावरचा वाऱ्याचा आवाज, आणि ‘लवकर कर बे’ म्हणायला तिथं कोणी नसणं. बनवणाऱ्यांनी जे दोन मिनिटांच्या विसाव्यासाठी ठेवलं होतं, त्यातच ह्यानं बिऱ्हाड केलं. मी त्याला इतके दिवस विचारत होते की हा का आवडतो. ‘का’ला त्याच्याकडे उत्तरच नव्हतं, आणि माझ्या तोंडी ते ‘का’ म्हणजे रागावणंच होतं. ‘दाखव’ म्हटल्याबरोबर सगळं समोर आलं.

पुढं थोरलीनं इंटरनेटवर वाचून एक गोष्ट सांगितली, ती मी तेव्हापासून कितीतरी आयांना सांगितली आहे. १९८२ साली अमेरिकेत अटारी कंपनीनं ‘ई. टी.’ ह्या गाजलेल्या सिनेमावर गेम काढला. नाताळात दुकानात यायलाच हवा म्हणून हॉवर्ड स्कॉट वॉर्शॉ ह्या माणसाला तो बनवायला जेमतेम पाच आठवडे मिळाले. त्यात तो परग्रहावरचा जीव सारखा खड्ड्यात पडतो. वर यावं, पुन्हा पडावं. लोक इतके वैतागले की आजवरचा सगळ्यात वाईट गेम म्हणून त्याचं नाव झालं. न खपलेल्या मालाचे ट्रक भरून १९८३ मध्ये न्यू मेक्सिकोतल्या आलामोगोर्डो गावाच्या कचरा डेपोत पुरले, आणि २०१४ मध्ये लोकांनी ते खणून पुन्हा बाहेर काढले. पण तेव्हाही काही पोरांना तो गेम आवडत होता आणि आज पन्नाशी ओलांडलेले त्यातले काही जण अजून काढून खेळतात. ते म्हणतात, सोबतची पुस्तिका नीट वाचली तर खड्ड्यांचं कोडं सुटतं. मला मात्र पुढचा भाग जास्त भावला. तो वॉर्शॉ नंतर मानसोपचारतज्ज्ञ झाला, लोकांची मनं ऐकायला बसू लागला. जगानं आपलं काम कचऱ्यात पुरलेलं पाहिलेल्या माणसापुढं मन मोकळं करायला मला तरी बरं वाटेल.

फौजीला नावं ठेवण्यात आमचे हे तर माझ्याही पुढं. रविवारी पोराच्या खांद्यावरून पाहून म्हणाले, “हा का गेम हाय? ना गोळी, ना गाडी. टाइमपासही धड नाही.” मला हसू आलं. कारण लग्नानंतर हाच माणूस मला सौंसरहून नागपूरला छोट्या लाइननं न्यायचा! तुमच्यातल्या जुन्यांना आठवत असेल, अडीच फुटी रुळांवरची ती नॅरोगेज, छिंदवाडा ते इतवारी. बस कधीच नागपुरात पोचून बाजार उरकून बसलेली असायची आणि आम्ही लोधीखेड्यानंतर कुठंतरी बाभळीच्या सावलीत उभे. सासरचे सगळे ह्यांना हसायचे. हे खिडकीत बसून मुरमुरे खात म्हणायचे, “बसमधून काही दिसत नाही.” २०१५ च्या अखेरीस ती लाइन रुंद करायला बंद झाली तर दोन दिवस चेहरा उतरलेला. मी एवढंच म्हटलं, “छोट्या लाइनचा तुम्ही टाइमपास करत होते का?” ते काही बोलले नाहीत, पण त्या गेमला पुन्हा नावं ठेवली नाहीत.

त्या छोट्या लाइनसारखाच, किंवा तिच्याहून हट्टी, एक ‘डेझर्ट बस’ नावाचा गेमही आहे. १९९५ च्या सुमारास अमेरिकेतल्या पेन आणि टेलर ह्या जादूगार जोडीसाठी तो थट्टा म्हणूनच बनवला होता, आणि तेव्हा तो बाजारात आलाच नाही. टूसॉन ते लास व्हेगास बस चालवायची, तासाला ४५ मैलांच्या वर पळत नाही, खरोखरीचे आठ तास लागतात, मधे थांबवता येत नाही. बस सारखी उजवीकडे ओढते म्हणून चाक सोडायची सोय नाही. पोचलात की एक गुण. हसू नका, २००७ पासून कॅनडातली काही मंडळी दरवर्षी दिवसरात्र हीच बस हाकतात, लोक त्यांना पाहत देणग्या देतात, आणि ते पैसे दवाखान्यातल्या मुलांसाठी खेळ-खेळणी पुरवणाऱ्या संस्थेला जातात.

आता तुम्ही म्हणाल, बाई, म्हणजे पोरगं जे खेळेल ते खेळू द्यायचं? नाही हो. आपण पांढुर्ण्याच्या मुलखातली माणसं, आपल्याला हे कोणी वेगळं शिकवायला नको. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जाम नदीत पळसाचं झाड रोवतात आणि पांढुर्णा-सावरगावची माणसं दोन काठांवरून एकमेकांवर गोटे मारतात. शेकडो जखमी होतात, जीवही गेलेत. प्रशासनानं रबरी चेंडू देऊन पाहिले, कोणी हातात धरले नाहीत. गोटमार किती जणांना आवडते आणि बाहेरचे किती जण तिला नाकं मुरडतात, ह्याचा हिशेब मी कधी करत नाही. मी आई आहे, डोकं कोणाचं फुटलं ते पाहते. गेमलाही मी हेच लावते.

म्हणून पैसे लावून पैसे जिंकायचे जे गेम आहेत, ते मी घरात येऊ देत नाही, मग ते अख्खं सौंसर खेळत असो. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेनं कायदा करून अशा ऑनलाइन पैशांच्या खेळांवर बंदीच आणली. नुसत्या करमणुकीच्या खेळांना आणि ई-स्पोर्ट्सला त्यातून वगळलं आहे, तेव्हा सगळ्यांना एकाच काठीनं हाकू नका. दुसरं, पोराचं भान सुटतंय का ते बघा. जागतिक आरोग्य संघटनेनं खेळाच्या आजाराचं जे वर्णन केलंय त्यात कोणता गेम खेळतो ह्याचा उल्लेख नाही. थांबता येत नाही, बाकी सगळ्या गोष्टी गेमच्या मागं पडल्या, नुकसान दिसत असूनही चालूच, आणि हे साधारण वर्षभर, तर मग डॉक्टरांकडे जा. आमचा लेक हाक मारली की उठायचा, गाईला पाणी दाखवायचा, जेवायला यायचा. कुरकुरायचा, पण यायचा.

एकटेपणाची माझी भीती पूर्ण गेली असं मात्र नाही. आवड एकट्याची असणं निराळं आणि माणसांना टाळायला आवडीआड लपणं निराळं, आणि आईला लांबून दोन्ही सारखंच दिसतं. शेजारी बसल्यावर थोडं कळतं. लपलेलं पोर फोन तिकडे वळवतं. आमचा लेक फोन माझ्याकडे वळवायचा, आणि मी कंटाळले तरी ‘हे पाय, हे पाय’ चालूच असायचं.

नंतर थोरलीच्या लॅपटॉपवर त्यानं ‘राजी’ शोधून काढला, पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सचा, २०२० मधला. हरवलेल्या लहान भावाला शोधत निघालेल्या मुलीची गोष्ट. लढाई अवघडल्यासारखी, छोटा आहे, शेवट अर्धवट सोडल्यासारखा, अशी पुष्कळांची तक्रार. पहिल्याच कामगिरीसाठी द गेम अवॉर्ड्समध्ये त्याला नामांकन मिळालं होतं, तरी तक्रार आहेच. ह्यानं तीनदा खेळला. भिंतींवरची चित्रं थांबून थांबून पाहायची असतात म्हणाला. आता मी विचारायचं सोडून दिलंय.

त्या हिवाळ्यातली एक रात्र तेवढी सांगते आणि चहाचे कप उचलते. हे पाळीवरून आले, बूट काढले, अंगणातल्या निखाऱ्यांवर हात शेकत बसले. लेक अजून जागा, मांडीवर फोन. ह्यांनी वाकून पाहिलं. सैनिक आगीजवळ, आजूबाजूला बर्फ, वाऱ्याचा बारीक आवाज.

“उठव नं त्याले,” हे म्हणाले. “लढाई कोन लढन?”

“राहू द्या बाबा, आत्ताच बसला.”

ह्यांनी चार पऱ्हाट्या आत सारल्या आणि पोराकडे सरकून बसले.