नेटवर्किंगचे शेअर: भाव विचारा, पण आधी जुडी बघा

एका कंपनीचा शेअर ७० डॉलरला, दुसरीचा १४० ला, म्हणजे पहिली स्वस्त, असा हिशेब करणारे भेटतात. मंडईत हीच मंडळी कोथिंबिरीचा भाव विचारण्याआधी जुडी केवढी ते बघतात. डिसेंबर २०२४ मध्ये नेटवर्कचे स्विच बनवणाऱ्या अरिस्टाने एका शेअरचे चार केले. भाव पाव झाला, कंपनी एका पैशानेही स्वस्त झाली नाही.

जुडी मोजायचे माप म्हणजे पीई: कंपनीच्या एका वर्षाच्या नफ्याला आपण किती पट पैसे मोजतो. मार्च २००० मध्ये राउटर बनवणारी सिस्को काही काळ जगातली सर्वांत मौल्यवान कंपनी होती. शेअर ८० डॉलरवर, पीई शंभराच्या कितीतरी वर. २००२ मध्ये तोच शेअर १० डॉलरच्याही खाली आला, आणि जुनी पातळी गाठायला डिसेंबर २०२५ उजाडला. दरम्यान कंपनीची वार्षिक विक्री सुमारे १९ अब्जांवरून ५७ अब्ज डॉलरवर गेली होती. धंदा तिप्पट, भाव तिथेच! राउटर उत्तम होते, घेणाऱ्यांनी दाम फार मोजले.

आता कागद-पेन्सिल घ्या. आकडे फक्त समजण्यासाठी. ५० पीईची कंपनी नफा दरवर्षी २० टक्क्यांनी वाढवते, पण पाच वर्षांनी बाजार तिला २५ च पीई देतो. तुमच्या १०० रुपयांचे १२४ होतात. २० पीईची संथ कंपनी वर्षाला ५ टक्केच वाढते आणि पीई तेवढाच राहतो. १०० चे १२८ होतात, वर लाभांश. वेगवान कंपनीसाठी जादा मोजायचे तर तो वेग किती वर्षे टिकेल, हा प्रश्न आधी सुटायला हवा.

तो सुटतो गिऱ्हाइकांकडे बघून. सिस्कोची गिऱ्हाइके बँका, सरकारे, कचेऱ्या अशी विखुरलेली. अरिस्टाच्या २०२४ मधल्या ७ अब्ज डॉलरच्या विक्रीतला एक तृतीयांशाहून थोडा अधिक वाटा मायक्रोसॉफ्ट आणि मेटा या दोघांचा. त्यातली मेटा स्वतःचे स्विचही घडवते. अरिस्टाच्या स्विचमधली चिप बहुतांशी ब्रॉडकॉमची, जी इतरांनाही मिळते. अरिस्टाचे खरे वेगळेपण सॉफ्टवेअरमध्ये. शिवाय २०२० मध्ये मेलानॉक्स ही नेटवर्किंग कंपनी विकत घेतलेली एनव्हिडिया आता एआयच्या चिपबरोबर जोडणीचे सामानही विकते. मला यातली सर्वांत मोठी धास्ती हीच वाटते. जादा दाम मोजण्याचे काय होते, याला ज्युनिपर या नेटवर्किंग कंपनीचे उदाहरण ताजे आहे: २००० मध्ये २०० डॉलरच्या वर गेलेला तिचा शेअर २०२५ मध्ये एचपीई या कंपनीने ४० डॉलरला घेतला.

आता हे अमेरिकी शेअर भारतातून घेण्याचा घरपोच खर्च. रिझर्व्ह बँकेच्या योजनेत वर्षाला अडीच लाख डॉलर बाहेर पाठवता येतात. वर्षभरात १० लाख रुपयांवरच्या रकमेवर २० टक्के टीसीएस, म्हणजे आगाऊ कर, घेतला जातो. तो रिटर्नमध्ये वळता होतो, पण तोवर पैसा अडकतो. बँकेचा दर गूगलवरच्या दरापेक्षा वेगळा असतो, तो फरक आधीच विचारा. पाठवणी शुल्क हजार रुपये धरले तर २० हजारांवर ते ५ टक्के पडते, ५ लाखांवर ०.२ टक्के. म्हणून महिन्याला चिमूटभर पाठवण्यापेक्षा एकदम पाठवलेले बरे.

लाभांशातून अमेरिका २५ टक्के कापते. त्याचे श्रेय इथल्या करात मागता येते. २४ महिन्यांनंतर विकलात तर नफ्यावर १२.५ टक्के कर अधिक अधिभार-उपकर, आधी विकलात तर तुमच्या टप्प्यानुसार. एकच शेअर असला तरी रिटर्नच्या शेड्यूल एफएमध्ये, म्हणजे परदेशी मालमत्तेच्या तक्त्यात, दाखवावा लागतो. आणि घरात क्वचितच बोलली जाणारी गोष्ट: अमेरिकेतली मालमत्ता ६० हजार डॉलरहून जास्त असेल, तर मालकाच्या मृत्यूनंतर तिथला वारसा कर लागू शकतो, ४० टक्क्यांपर्यंत. पत्नीला, मुलांना खात्याची माहिती देताना हेही सांगून ठेवा.