हवा गेली तर रॉड कुठे जाणार?

सिंगल अ‍ॅक्टिंग सिलिंडर घेताना लोक बोअर विचारतात, स्ट्रोक विचारतात, भाव तर विचारतातच. हवा गेल्यावर रॉड कुठे जाणार, हे विचारणारं गिऱ्हाईक क्वचितच भेटतं. भोसरीच्या एमआयडीसीत मेंटेनन्सची कामं करताना जी मोडतोड पाहिली, तिच्यातली बरीचशी या न विचारलेल्या प्रश्नापाशी जाऊन थांबते.

रचना तशी साधी. पिस्टनच्या एका बाजूला हवा, दुसऱ्या बाजूला स्प्रिंग. हवा सोडली की रॉड बाहेर, हवा काढली की स्प्रिंग त्याला परत आत ढकलते. पाइप एकच लागतो आणि थ्री-टू व्हॉल्व्हवर काम भागतं. परतीला हवा लागत नाही, त्यामुळे तेवढ्याच मापाच्या डबल अ‍ॅक्टिंगपेक्षा हवेचा खर्च जवळपास निम्मा. उलट मांडणीचाही मिळतो: स्प्रिंग रॉड बाहेर काढते आणि हवा त्याला आत घेते. दिसायला दोन्ही सारखेच, पण लाइन बंद पडली की दोघांचं वागणं अगदी विरुद्ध.

एका छोट्या वर्कशॉपमध्ये ड्रिलिंगच्या फिक्स्चरवर 40 बोअरचा साधा सिंगल अ‍ॅक्टिंग लावलेला होता. जॉब स्टीलची फ्लँज, वरून सिलिंडरने दाबून धरलेली. पीयू पाइप टेबलाच्या कडेने उघडाच नेलेला. ड्रिलच्या गरम चिप्स त्यावर पडत राहिल्या, पाइप मऊ पडला आणि एके दिवशी फाटला. हवा गेली, स्प्रिंगने आपलं काम चोख केलं, म्हणजे क्लॅम्प उघडला. स्पिंडल मात्र फिरतच होतं. ड्रिल जॉबमध्ये अडकलेलं, फ्लँज त्याच्याबरोबर गरकन फिरली आणि ऑपरेटर पोराच्या हातावर बसली. बोटाचं हाड मोडलं. दुरुस्तीला मला बोलावलं तेव्हा मालक म्हणाले, “अहो, पाइप हलका निघाला, दुसरं काही नाही.”

मला हे पटलं नाही. पाइप कधी ना कधी फाटणारच, कनेक्टर कधी ना कधी सुटणारच. तेव्हा जॉब सुटतो की धरलेला राहतो, हे फिक्स्चर काढणाऱ्याने कागदावरच ठरवायला हवं होतं. ज्या जागी क्लॅम्प सुटून माणसाला इजा होऊ शकते, तिथे हवेने धरणारा आणि स्प्रिंगने सोडणारा सिलिंडर नुसता लावूच नये. मग उलट मांडणीचा लावला तर? इथे दुसरी गोम आहे. 40 बोअरला 6 बारवर कागदावर सुमारे 75 किलोचा जोर मिळतो, पण आतली स्प्रिंग जेमतेम पिस्टन परत नेण्याइतकीच असते. तिच्या भरवशावर ड्रिलिंगचा जॉब धरता येत नाही. स्प्रिंगनेच धरायचं असेल तर थाळीसारख्या जाड स्प्रिंगांचा खास क्लॅम्प लागतो, त्यात हवा फक्त सोडायच्या कामाची. नाहीतर डबल अ‍ॅक्टिंग घ्यावा आणि पायलट चेक व्हॉल्व्ह थेट सिलिंडरच्या पोर्टवर बसवावा. तो पाइपच्या दुसऱ्या टोकाला बसवला तर फाटलेल्या पाइपपुढे त्याचा काही उपयोग नाही. आणि एक ध्यानात ठेवा: असा व्हॉल्व्ह असला की मेन कॉक बंद केल्यावरही सिलिंडरमध्ये हवा कोंडलेली राहते. ती सोडल्याशिवाय पाना लावू नका.

हवेने धरायचं आणि स्प्रिंगने सोडायचं हे सगळीकडेच वाईट, असं मात्र नाही. कन्व्हेअरवरचा छोटा स्टॉपर, डायमधून जॉब बाहेर टाकणारा इजेक्टर, नंबर पंच करणारा ठोका, अशा कामांना याच्याइतका सुटसुटीत सिलिंडर नाही. स्ट्रोक साधारण 50 मिलिमीटरच्या आत असला की उत्तम. त्यापुढे स्प्रिंगच इतकी जागा खाते की सिलिंडर उगाच लांबट होतो. जोराचा हिशेबही जरा हात राखून करावा. लाइन 6 बारवरून 4 वर आली तर हवेचा जोर 75 वरून 50 किलोवर येतो, स्प्रिंग मात्र आपला वाटा तेवढाच कापून घेते.

स्प्रिंगनेच धरण्याचं उदाहरण हवं असेल तर एअर ब्रेकच्या ट्रकचा पार्किंग ब्रेक बघा. तिथे स्प्रिंग ब्रेक लावते आणि हवा तो सोडते. म्हणून टाकी रिकामी असली की हवा भरेपर्यंत गाडी जागची हलत नाही. हवा गेली तर काय व्हावं, हा विचार आधी झालेला आहे. फक्त त्या चेंबरची रिंग हौसेने उघडायला जाऊ नका. आतली स्प्रिंग दाबलेली असते आणि ती सुटून माणसं दगावलेली आहेत.

आता ब्रीदरचं. स्प्रिंगच्या बाजूला एक बारीक भोक असतं, तिथून हवा आत-बाहेर करते. नव्या फिटरला ते चुकून उघडं राहिलेलं पोर्ट वाटतं आणि तो त्यात बूच मारतो. मग स्प्रिंगच्या बाजूला हवा कोंडते आणि स्ट्रोक पुरा होत नाही. मग व्हॉल्व्ह बदला, सोलेनॉइड बदला असा खेळ चालतो. भोक उघडं हवं, पण कूलंटच्या फवाऱ्यात नको. दर परतीला ते बाहेरची हवा ओढतं, तिच्याबरोबर ओल आत जाते आणि स्प्रिंग गंजते. पावसाळ्यात लाइनलाच पाणी येतं, तेव्हा एफआरएलचा बाऊल रोज ड्रेन करावा. क्लॅम्प लागलेला असताना ब्रीदरमधून सतत फुसफुस येत असेल तर पिस्टनचं सील गेलं म्हणून समजा. तिथे बूच मारणं हा इलाज नव्हे.

त्या वर्कशॉपमध्ये पुढे डबल अ‍ॅक्टिंग, चेक व्हॉल्व्ह आणि प्रेशर स्विच बसवला. स्विच मी व्हॉल्व्ह आणि सिलिंडरच्या मधल्या लाइनवर घ्यायला लावला, म्हणजे क्लॅम्पपर्यंत येणाऱ्या लाइनमध्ये किती प्रेशर आहे ते कळतं. प्रेशर ठरलेल्या आकड्याखाली गेलं की स्पिंडल थांबतं. काही दिवसांनी पॅनेल उघडलं तर स्विचच्या दोन वायरी जोडून टाकलेल्या. मशिन सारखी थांबते, अशी सुपरवायझरची तक्रार. ती खरीच होती. त्याच लाइनवर शेजारी दोघं एअर गनने जॉब साफ करत बसायचे आणि गन दाबली की प्रेशर पडायचं. वायरी सोडवल्या, गनची लाइन मेनपासून वेगळी काढली, फिक्स्चरच्या लाइनवर चेक व्हॉल्व्ह आणि एक छोटी टाकी बसवली. त्यानंतर स्विच कुणी बायपास केला नाही, कारण करायची गरजच उरली नाही.