मोतीबिंदू काढला, तरी धूसर का दिसते?

आमच्या वस्तीतल्या एका आजींचे मोतीबिंदूचे ऑपरेशन झाले, लेन्स बसली. तरी सकाळी उठल्यावर सगळे धुक्यासारखे, दुपारनंतर थोडे साफ. घरचे म्हणाले, "वय झाले, आता एवढेच दिसणार." महिने गेले. बंधू-भगिनींनो, हे वयाचे नाही. यावर उपचार आहे.

डोळ्याच्या समोर घड्याळाच्या काचेसारखा पारदर्शक भाग असतो, तो कॉर्निया. त्याच्या आतल्या बाजूला पेशींचा एकच थर असतो. तो कॉर्नियातले पाणी सतत उपसतो. ऑपरेशनमध्ये यातल्या काही पेशी मरतात आणि पुन्हा तयार होत नाहीत. फार कमी उरल्या की कॉर्निया सुजतो. झोपेत पापण्या मिटलेल्या असल्याने पाणी उडून जात नाही, म्हणून सकाळी जास्त धूसर. पुढे बारीक फोड येतात, फुटले की डोळा ठणकतो.

कडक मोतीबिंदू काढताना पेशी जास्त मरतात. म्हणून "पिकू द्या" म्हणत थांबू नका.

ऑपरेशननंतरची थोडी सूज काही आठवड्यांत उतरते. धूसरपणाची इतर कारणेही असतात : लेन्समागची पिशवी गढूळ होणे (यावर लेसर आहे), चष्म्याचा नंबर, मधुमेहाने पडदा खराब होणे. तपासणीशिवाय कळत नाही.

थेंबांनी सूज उतरली नाही, तर नेत्रदानातून मिळालेल्या कॉर्नियाचा फक्त आतला थर बसवतात. तो हवेच्या बुडबुड्याने चिकटतो, म्हणून काही काळ उताणे पडून राहावे लागते. थेंब मनाने बंद करू नयेत. डोळा लाल झाला, उजेड सोसेना, दुखू लागला किंवा नजर कमी झाली, तर त्याच दिवशी दवाखाना गाठा.

हा थर कारखान्यातून येत नाही, कुणाच्या तरी घरातून येतो. चष्मा असलेले, मधुमेही, मोतीबिंदूचे ऑपरेशन झालेलेही नेत्रदान करू शकतात. मृत्यूनंतर शक्यतो सहा तासांच्या आत नेत्रदान व्हावे लागते, म्हणून लगेच नेत्रपेढीला कळवा. तोवर पापण्या मिटा, वर ओला कापूस ठेवा, पंखा बंद करा, डोक्याखाली उशी द्या. चेहरा विद्रूप होत नाही. पैसे द्यायचे-घ्यायचे नसतात.

अर्ज भरला असला तरी शेवटची संमती घरचेच देतात. म्हणून आज जेवताना ही गोष्ट घरात काढा.