दोन प्रक्रियांमधला पाठभेद

प्रस्तुत टिपण एका साध्या प्रश्नाविषयी आहे : मजकूर एका हातातून दुसऱ्या हातात जाताना बदलला, तर दोष कोणाचा?

निर्मलला माझ्या वर्गात तेलुगु माध्यमातून आलेली मुले असतात. ‘वऱ्हाड’, ‘तऱ्हा’, ‘दऱ्या’ या शब्दांतला अर्धा र त्यांना चकवतो. म्हणून एका माजी विद्यार्थ्याच्या मदतीने असे चाळीस शब्द आणि त्यांची अशुद्ध रूपे जमवून एक शुद्धलेखन-तपासनीस पारखायला घेतला. चाचणी चालवणारी एक प्रक्रिया, तपासणारी दुसरी, दोहोंमध्ये पाइप.

निकाल विचित्र आला. तोच ‘वऱ्हाड’ एका ओळीत शुद्ध, दुसऱ्या ओळीत अशुद्ध. तपासनीस कुचकामी, असा शेरा मी लिहूनही टाकला होता.

खरा दोष आमच्या आज्ञावलीत होता. युनिकोडमध्ये हा अर्धा र दोन रीतींनी लिहिला जातो : ‘ऱ’ आणि हलन्त, किंवा ‘र’, हलन्त आणि एक अदृश्य जोडचिन्ह. पाइपमधून अक्षरे जात नाहीत, बाइट जातात. यूटीएफ-८ पद्धतीत पहिली रीत ६ बाइटांची, दुसरी ९ बाइटांची. आमची आज्ञावली शब्द पाठवण्यापूर्वी ‘सफाई’ म्हणून अदृश्य चिन्हे काढून टाकी. त्यामुळे दुसऱ्या रीतीचा ‘वऱ्हाड’ पलीकडे ‘वर्हाड’ होऊन पोचे. ‘दऱ्या’चा तर ‘दर्या’ होई. आणि तोही शुद्ध शब्द असल्याने चूक कळतही नसे.

दुरुस्ती दोन टप्प्यांत केली. पहिला टप्पा पुनर्रचनेचा. पुनर्रचना म्हणजे बाहेरचे वर्तन न बदलता आतली मांडणी सुधारणे. पाठवण्याचे काम पाच ठिकाणी पाच तऱ्हांनी होत होते, ते एका ठिकाणी आणले. स्वल्पविरामाने जोडलेल्या ओळीऐवजी शब्द, अपेक्षित उत्तर, मिळालेले उत्तर अशी नावे असलेली नोंद पाठवू लागलो. जुने व नवे निकाल ताडून पाहिले. चुकांसकट तेच आले. मगच दुसरा टप्पा : सफाई काढली आणि पोचलेले बाइट मोजून घेण्याची सोय केली. दोन्ही एकदम केले असते, तर निकाल कशाने बदलला हे सांगता आले नसते. तपासणीला लागलेला वेळही आता तपासणारी प्रक्रियाच मोजते. पूर्वी त्यात पाठवण्याचा वेळ मिसळत असे.

साहित्याच्या अभ्यासकाला यात नवे काही नाही. एकनाथांनी शके १५०६ (इ. स. १५८४) मध्ये ज्ञानेश्वरीची पाठशुद्धी केली, ती नकला करणाऱ्यांच्या हातून शिरलेले अपपाठ दूर करण्यासाठी. नक्कलकाराने मजकूर ‘सुधारू’ नये, हा पाठचिकित्सेचा धडा पाइपलाही लागू आहे. कसोटीची विदा ही संहिताच होय. तिच्यात वाटेत फरक पडला, तर निवाडा निरपराध्याविरुद्ध जातो. माझा शेरा मी खोडला. छापून झाला असता तर खोडता आला नसता.

स्वाध्याय : ‘सुऱ्या’ हा शब्द दोन्ही रीतींनी टंकित करा, एकाचा शोध घेताना दुसरा सापडतो का ते पाहा आणि कारण लिहा.