पीतज्वराची लस, सागरी सफर आणि वैद्यकीय सूटपत्र

कोकणात आणि गोव्यात बोटीवरची नोकरी ही नवी गोष्ट नव्हे. रत्नागिरी, रायगड, सिंधुदुर्ग या जिल्ह्यांतील अनेक घरांतून एखादा मुलगा परदेशी जहाजावर कामाला असतो. गोव्यात अशा दर्यावर्दी माणसाला तारवटी म्हणतात. मालवाहू जहाजांबरोबरच प्रवाशांना सहलीसाठी नेणाऱ्या मोठ्या पर्यटन-जहाजांवर, म्हणजे ज्यांना क्रूझ म्हटले जाते त्यांवर, स्वयंपाकघरापासून यंत्रशाळेपर्यंत आपली माणसे काम करतात. अलीकडे या मुलांचे आईवडील आणि इतर हौशी प्रवासीही अशा सफरींना जाऊ लागले आहेत. पारपत्र, व्हिसा, तिकीट यांची तयारी महिनोन्‌महिने चालते. परंतु लसीकरणाच्या दाखल्याची आठवण पुष्कळदा अखेरच्या आठवड्यात होते आणि मग धावपळ उडते. ज्याला प्रकृतीच्या कारणामुळे लस घेता येत नाही, त्याची अडचण तर अधिकच मोठी असते. गावातील शिक्षक, ग्रामसेवक किंवा पंचायत सदस्य यांच्याकडे असा माणूस सल्ल्यासाठी येतो, तेव्हा त्याला काय सांगावे, याचा विचार या लेखात केला आहे.

रोग आणि त्याची लस

आज आंतरराष्ट्रीय प्रवासात ज्या लशीचा दाखला प्रामुख्याने मागितला जातो, ती लस पीतज्वराची होय. पीतज्वर म्हणजे आपल्याकडची कावीळ नव्हे. हा विषाणूजन्य रोग असून एडीस जातीच्या डासाच्या दंशामुळे तो माणसाला होतो. आफ्रिकेच्या आणि मध्य व दक्षिण अमेरिकेच्या उष्ण भागांत त्याचे वास्तव्य आहे. बहुतेक रुग्ण बरे होतात. परंतु ज्यांचा आजार दुसऱ्या, विषारी अवस्थेत जातो त्यांच्यापैकी सुमारे निम्मे सात ते दहा दिवसांत दगावतात. या रोगावर खास असे औषध नाही.

हा रोग डासामुळे पसरत असावा, हे क्यूबातील डॉक्टर कार्लोस फिनले यांनी १८८१ साली मांडले. १९०० साली वॉल्टर रीड यांच्या मंडळाने ते प्रयोगाने सिद्ध केले. फ्रेंचांनी हाती घेतलेले पनामा कालव्याचे काम ज्या कारणांमुळे फसले, त्यांत पीतज्वर आणि हिवताप हे एक मोठे कारण होते. पुढे डासांचा बंदोबस्त झाल्यावरच तो कालवा पुरा होऊन १९१४ साली खुला झाला. मॅक्स थायलर यांनी १९३७ साली ‘१७-डी’ ही लस सिद्ध केली आणि त्याबद्दल त्यांना १९५१ साली नोबेल पारितोषिक मिळाले. आजही तीच लस वापरात आहे. एक मात्रा बहुतेकांना जन्मभर पुरते. पूर्वी तिचा दाखला दहा वर्षेच ग्राह्य धरला जाई. ११ जुलै २०१६ पासून तो आजीवन ग्राह्य झाला आहे, मग तो त्यापूर्वी दिलेला का असेना. मात्र लस टोचल्यानंतर दहा दिवसांनीच दाखला लागू होतो, हे विसरता कामा नये.

भारत इतका दक्ष का?

भारतात पीतज्वर आजवर शिरलेला नाही. परंतु तो पसरविणारा एडीस इजिप्ती हा डास आपल्या गावांत आणि शहरांत मुबलक आहे; डेंग्यूचा प्रसार तोच करतो. म्हणजे सरपण रचून तयार आहे, ठिणगी तेवढी पडलेली नाही. एखादा रोगग्रस्त प्रवासी येथे आला आणि त्याला येथील डास चावला, तर काय अनर्थ होईल याची कल्पना करता येते. म्हणूनच पीतज्वराच्या देशांतून येणाऱ्यांकडे दाखला नसेल, तर त्यांना सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवण्याचा अधिकार आपल्या विमानतळांवरील व बंदरांवरील आरोग्य अधिकाऱ्यांना आहे. संसर्ग झाल्यापासून रोगाची लक्षणे दिसेपर्यंतचा काळ सहा दिवसांचा धरला जातो, हे त्यामागील कारण होय.

लस कोणी घेऊ नये?

पीतज्वराची लस दुर्बल केलेल्या परंतु जिवंत विषाणूंची असते. निरोगी माणसाला ती सहसा बाधत नाही. परंतु ज्याची प्रतिकारशक्ती क्षीण आहे त्याच्या शरीरात तो विषाणू आवरला न जाण्याचा धोका असतो. म्हणून पुढील व्यक्तींना ही लस देत नाहीत: सहा महिन्यांखालील अर्भके, अंड्याची किंवा लशीतील अन्य घटकाची तीव्र ॲलर्जी असणारे, थायमस ग्रंथीचा विकार असणारे अथवा ती ग्रंथी काढून टाकलेले, एच.आय.व्ही.मुळे किंवा अन्य कारणाने प्रतिकारशक्ती फार घटलेले, कर्करोगाचे काही रुग्ण, अवयवरोपण झालेले, आणि प्रतिकारशक्ती दडपणारी औषधे घेणारे.

दुसरा वर्ग सावधगिरीचा आहे. साठ वर्षे व त्यावरील वयाची व्यक्ती प्रथमच लस घेत असेल, स्त्री गर्भवती असेल किंवा अंगावर पाजत असेल, अथवा बाळ सहा ते आठ महिन्यांचे असेल, तर लस सरसकट निषिद्ध नाही. परंतु रोगाचा धोका अधिक की लशीचा, हे डॉक्टरांनी तोलून पाहावे लागते. लशीचे गंभीर दुष्परिणाम अत्यंत विरळ आहेत. मात्र उतारवयात त्यांचे प्रमाण वाढते, हे खरे आहे.

इंजेक्शनची भीती, वेळेचा अभाव किंवा ‘एवढ्या लांब केंद्रावर कोण जाणार’ हा कंटाळा, ही सूट मिळण्याची कारणे नव्हेत. सूट ही सवलत नसून वैद्यकीय निर्णय आहे.

कायदा काय म्हणतो?

जागतिक आरोग्य संघटनेच्या सदस्य देशांनी मान्य केलेले आंतरराष्ट्रीय आरोग्य नियम, २००५ हे या व्यवहाराचा आधार आहेत. ते १५ जून २००७ पासून अमलात आले. त्यांच्या सहाव्या परिशिष्टात अशी तरतूद आहे की, लस देणे वैद्यकीय दृष्ट्या योग्य नाही असे संबंधित डॉक्टरांचे मत असेल, तर त्यांनी त्या मताची कारणे इंग्रजीत किंवा फ्रेंचमध्ये लिहून द्यावीत, आणि उतरण्याच्या ठिकाणच्या अधिकाऱ्यांनी ती विचारात घ्यावीत. लस न घेतल्याने कोणता धोका संभवतो, हेही त्या व्यक्तीला समजावून सांगणे डॉक्टरांवर बंधनकारक आहे.

येथे ‘विचारात घ्यावीत’ या शब्दांकडे नीट लक्ष दिले पाहिजे. सूटपत्र म्हणजे लशीच्या दाखल्याच्या तोडीचा परवाना नव्हे. सातव्या परिशिष्टाप्रमाणे सूटपत्रधारकाला देशात प्रवेश देता येतो. पण अधिकाऱ्याला आवश्यक वाटल्यास त्याला विलगीकरणात ठेवता येते, किंवा प्रवेश देऊन ताप वगैरे लक्षणे दिसताच कळविण्याच्या अटीवर देखरेखीखाली ठेवता येते. अंतिम निर्णय त्या त्या देशाच्या अधिकाऱ्याचा असतो.

एक उदाहरण

उदाहरणादाखल अशी कल्पना करू. मालवण तालुक्यातील एक निवृत्त शिक्षक, वय सदुसष्ट. मुलगा पर्यटन-जहाजावर नोकरीस आहे. त्याने आईवडिलांसाठी पनामा कालव्यातून जाणारी आणि कोलंबियातील कार्ताहेना बंदराला लागणारी सफर ठरविली. गुरुजींना पूर्वी स्नायुदौर्बल्याचा विकार झाला होता आणि त्यासाठी त्यांची थायमस ग्रंथी शस्त्रक्रियेने काढलेली आहे. आज त्यांची प्रकृती ठणठणीत आहे. आता त्यांनी काय करावे?

त्यांच्यापुढे दोन आडवाटा आहेत आणि दोन्ही घातक आहेत. पहिली वाट म्हणजे जुने दुखणे न सांगता लस घेणे. ‘मुलाचा हिरमोड नको’ म्हणून माणूस असे करू धजतो. पण थायमस काढलेल्या व्यक्तीच्या बाबतीत ही लस जिवावर बेतू शकते. दुसरी वाट म्हणजे लस न घेताच दाखला मिळवून देणारा कोणी मध्यस्थ गाठणे. बनावट दाखला हा गुन्हा तर आहेच, शिवाय तो बाळगणाऱ्याला डासापासून संरक्षण देत नाही, आणि उद्या तो आजारी पडला तर डॉक्टरांची दिशाभूलही करतो. तिसरी वाट सरळ आहे, पण तिला वेळ लागतो. ती अशी:

१. निदान दोन महिने आधी जहाज कंपनीकडून सफरीतील प्रत्येक बंदराची यादी लेखी घ्यावी. विमान कोठे बदलावे लागते, तेही त्यात धरावे. कारण पीतज्वराच्या देशातील विमानतळावर बारा तासांहून अधिक थांबल्यासही काही देश दाखला मागतात.

२. ज्यांनी उपचार केले त्या डॉक्टरांकडून रोगाचे नाव, शस्त्रक्रियेचे वर्ष आणि सध्याची औषधे यांचे पत्र घ्यावे.

३. ते पत्र व पारपत्र घेऊन शासनमान्य पीतज्वर लसीकरण केंद्रात जावे. मुंबई व मुरगाव येथील बंदर आरोग्य कार्यालये या कामी मार्गदर्शन करतात. लशीची कुपी अनेक मात्रांची असते आणि उघडल्यावर काही तासांतच वापरावी लागते. म्हणून केंद्रे ठरावीक दिवशी नोंदणी करून लस देतात. वार आधी विचारून घ्यावा.

४. लस योग्य नाही असा केंद्रातील अधिकाऱ्यांचा निर्णय झाल्यास, त्यांच्याकडून सही-शिक्क्यासह इंग्रजी सूटपत्र घ्यावे. त्यावर पारपत्राप्रमाणे नाव, जन्मतारीख, पारपत्र क्रमांक, लस न देण्याचे वैद्यकीय कारण आणि तारीख असावी. पिवळ्या पुस्तिकेत प्रतिकूलतेचा रकाना असेल तर तोही भरून घ्यावा. खाडाखोड झालेला किंवा अपुरा भरलेला कागद नाकारला जाऊ शकतो.

५. सूटपत्राची प्रत जहाज कंपनीला पाठवून ‘या कागदावर प्रवास करू दिला जाईल’ असे लेखी उत्तर घ्यावे. जहाजावर कोणाला चढू द्यायचे हे कंपनीही ठरविते, आणि देश मान्य करील तरी कंपनी अडवू शकते. संबंधित देशांच्या वकिलातींकडेही चौकशी करावी.

६. हे उत्तर हाती येईपर्यंत परत न मिळणारे पैसे भरू नयेत.

गुरुजींच्या पत्नीला असे कोणतेही दुखणे नसेल, तर त्यांचा विचार स्वतंत्रपणे होईल. पतीला सूट मिळाली म्हणून पत्नीला मिळत नाही. दाखला काय किंवा सूटपत्र काय, प्रत्येकाचे वेगळे असते.

आवश्यकता आणि धोका यांतील भेद

सूटपत्राचा विचार करताना दोन प्रश्न वेगळे ठेवले पाहिजेत. अमुक देश दाखला मागतो, ही झाली कायद्याची आवश्यकता. तेथे खरोखर रोग होण्याचा संभव आहे, हा झाला प्रत्यक्ष धोका. पनामाचेच पाहा. तेथील पीतज्वराचा धोका कालव्याच्या परिसराच्या पूर्वेकडील मुख्य भूमीपुरता सांगितला जातो. जहाजातून केवळ कालवा ओलांडणाऱ्याला तो नगण्य आहे. तरी पनामा हा देश यादीत असल्यामुळे पुढचा देश, किंवा परतताना आपला भारत, दाखला मागू शकतो. अशा वेळी सूटपत्राचा उपयोग होतो.

उलट, सफर अ‍ॅमेझॉन नदीतून मानाऊसपर्यंत जाणारी असेल, तर धोका प्रत्यक्ष आहे. तेथे सूटपत्र अधिकाऱ्याचे समाधान करील; डासाचे करणार नाही. ज्याला लस घेता येत नाही त्याने अशी सफर टाळावी किंवा मार्ग बदलावा, हाच प्रामाणिक सल्ला होय. जाणे अपरिहार्यच असेल तर पूर्ण बाह्यांचे कपडे, डास पळविणारे औषध आणि जाळ्या यांचा कसोशीने वापर करावा. एडीस डास दिवसा चावतो, म्हणून केवळ रात्रीची मच्छरदाणी पुरेशी नाही.

परतीचा प्रवास

सूटपत्र घेऊन गेलेल्याने परतीचा हिशेबही आधीच करावा. यादीतील अखेरचे बंदर सोडल्याची तारीख दाखविणारे कागद जपून ठेवावेत. सहा दिवस उलटण्यापूर्वी भारतात उतरल्यास विलगीकरणाची शक्यता गृहीत धरावी आणि त्याप्रमाणे औषधे व रजा यांची तजवीज ठेवावी. अधिकाऱ्याने थांबविले तर तो अपमान समजू नये. गावातल्या माणसांच्या रक्षणासाठीच तो पहारा आहे. परतल्यावर ताप आला तर कोठे जाऊन आलो, हे डॉक्टरांना पहिल्या वाक्यातच सांगावे.

आपले कर्तव्य

पंचायत सदस्यांनी आणि शिक्षकांनी वैद्यकीय निर्णय द्यावयाचा नाही. तो डॉक्टरांचा अधिकार आहे. परंतु विचारणाऱ्याला वेळेवर योग्य दारी पाठविणे, दुखणे लपवू नकोस असे बजावणे आणि खोट्या दाखल्याच्या वाटेवरून परत फिरविणे, एवढे प्रत्येकाला शक्य आहे. त्याचबरोबर गावातील उघड्या टाक्या, टायर आणि करवंट्या यांत साचलेले पाणी आठवड्यातून एकदा काढून टाकण्याचा नियम पाळला, तर एडीस डासाचे बळच खच्ची होते. बंदरावरचा अधिकारी ठिणगी अडवील. सरपण हटविण्याचे काम मात्र आपल्या अंगणापासूनच सुरू झाले पाहिजे.